मुलाच्या ताटात तत्त्व वाढताना

बातमी साधारण एकाच साच्याची असते. कुठल्या तरी देशात वर्ष-दीड वर्षाचं मूल पार खंगलेल्या अवस्थेत रुग्णालयात येतं, कधी वाचतं, कधी नाही. आईवडिलांवर खटला उभा राहतो आणि मथळ्यात 'व्हीगन' हा शब्द ठळक छापला जातो. मग चार दिवस हातघाई. एक तट म्हणतो, असल्यांना मुलं सांभाळायला देऊच नयेत. दुसरा विचारतो, मांस खाणाऱ्यांची मुलं काय आजारी पडत नाहीत? इटलीत २०१६ मध्ये तर एका महिला खासदारांनी मुलांना व्हीगन आहारावर वाढवणाऱ्या पालकांना तुरुंगात धाडण्याचं विधेयकच मांडलं. त्याचा कायदा काही झाला नाही.

या भांडणात दोन प्रश्नांची गुंतवळ होते. प्राण्यांचा वापर करणं योग्य की अयोग्य, हा एक. वाढत्या शरीराला नेमकं काय लागतं, हा दुसरा. पहिल्यावर माणसं आयुष्यभर वाद घालू शकतात, घालावा. दुसऱ्याची उत्तरं मात्र बऱ्यापैकी ठाऊक आहेत आणि ती कुणाच्या तत्त्वाची भीड ठेवत नाहीत.

व्हीगन म्हणजे नेमकं कोण?

शाकाहारी माणूस मांस-मासे खात नाही, पण दूध, दही, लोणी घेतो. व्हीगन माणूस तेही घेत नाही. अंडी नाहीत, मध नाही, आणि ताटाबाहेर चामडं, लोकर, रेशीमही नाही. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली, तिथून हे नाव आलं. त्यांचा दुधाला विरोध का, तर गाय दूध देते ती वासरू झाल्यावर, आणि व्यापारी दुग्धव्यवसायात वासराला लवकर वेगळं करतात. अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लांचा काही उपयोग नसतो म्हणून बहुतेक ठिकाणी ती पहिल्याच दिवशी मारली जातात. प्राणी न मारता मिळणाऱ्या गोष्टीही अशा हिंसेशी जोडलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यात पुढे पर्यावरणाचं कारण आलं. २०१८ मध्ये जगभरातल्या सुमारे ३८ हजार शेतांच्या माहितीवरून निघालेला हिशोब सांगतो की शेतीखालच्या जमिनीपैकी सुमारे ८३ टक्के जमीन मांस, दूध, अंडी, मासे यांच्यासाठी लागते, आणि त्यातून मिळतात एकूण उष्मांकांपैकी १८ टक्के. हे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. कुणाला पटतील, कुणाला नाही.

आईचं दूध चालतं का, हा प्रश्न हमखास येतो. चालतं. आई ते स्वखुशीने देते, त्यात कुणाचं शोषण नाही.

सोसायटीच्या व्याख्येतली एक गोष्ट या लेखापुरती फार महत्त्वाची आहे. प्राण्यांचा वापर टाळायचा, पण 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितपत'. म्हणजे औषधात प्राणिज घटक असेल आणि दुसरा पर्याय नसेल, तर मूल आजारी ठेवा असं व्हीगन तत्त्वही सांगत नाही.

मोठ्यांना मानवतं, मग लहानांचं काय वेगळं?

मोठा माणूस शरीर टिकवण्यासाठी खातो, मूल शरीर घडवण्यासाठी. पहिल्या दोन वर्षांत मेंदू ज्या वेगाने वाढतो तो पुन्हा कधी येत नाही, आणि त्या काळात जे राहून गेलं ते नंतर पूर्ण भरून निघेलच याची खात्री नसते. मुलाचं पोट लहान. भाज्या, फळं, कडधान्यं यांत चोथा आणि पाणी भरपूर, त्यामुळे पोट लवकर भरतं आणि उष्मांक मात्र कमी जातात. मोठ्या माणसाला वजन उतरवायला हे सोयीचं; दीड वर्षाच्या पोराच्या बाबतीत हीच अडचण. म्हणून व्हीगन घरातल्या लहानग्याच्या अन्नात तेल, दाण्यांचं किंवा तिळाचं कूट, सुकामेव्याची बारीक पूड असा स्निग्ध भाग हात आखडता न घेता असावा लागतो. अख्खे दाणे मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना नकोत, घशात अडकतात.

तिसरा फरक साठ्याचा. मोठ्या माणसाच्या यकृतात काही पोषकद्रव्यांची जुनी ठेव असते. आवक बंद झाली तरी तो काही वर्षं त्या ठेवीवर काढतो, आणि 'मला तर काहीच झालं नाही' असं छातीठोक सांगतो. मुलाच्या खात्यात आईने जन्माआधी टाकलं असेल तेवढंच. आईचंच खातं रिकामं असेल तर मूल शून्यापासून सुरू करतं.

सगळा वाद ज्याच्यावर येऊन थांबतो ते बी-१२

ही ठेव ज्याची, ते जीवनसत्त्व बी-१२. रक्ताच्या पेशी बनवायला आणि मज्जातंतूंचं आवरण शाबूत ठेवायला ते लागतं. १९४८ मध्ये ते वेगळं काढता आलं. रेणू इतका गुंतागुंतीचा, की ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी त्याची रचना उलगडली ती पुढे १९५०च्या दशकाच्या मध्यावर. त्यांच्या १९६४ च्या नोबेलमागे हे काम होतं.

निसर्गात बी-१२ फक्त जिवाणू बनवतात. ना वनस्पती, ना प्राणी. गाई-मेंढ्यांच्या पोटातले जिवाणू ते बनवतात आणि ते मांसात, दुधात उतरतं. आपल्याही मोठ्या आतड्यात असे जिवाणू आहेत, पण बी-१२ शोषलं जातं त्याआधीच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, त्यामुळे तो माल आपल्या उपयोगाचा नाही.

गरज मात्र अगदी किरकोळ. अमेरिकेतल्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम, स्तनपान देणाऱ्या आईला २.८, एक ते तीन वर्षांच्या मुलाला ०.९. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे एवढंसं मिळालं नाही तर काय होतं, ते बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षं नोंदवून ठेवलंय. आईने स्वतः कधी बी-१२ घेतलेलं नाही, बाळ फक्त अंगावर पितंय. पहिले काही महिने सगळं ठीक. मग चौथ्या ते दहाव्या महिन्याच्या दरम्यान बाळ मंदावतं. हसणं कमी होतं, किरकिर वाढते, वरचं अन्न तोंडात घेत नाही, बसायला लागलेलं मूल पुन्हा आडवं पडतं. इंजेक्शनं सुरू केली की रक्त भराभर सुधारतं, मूल काही दिवसांत तरतरीत दिसू लागतं. काही मुलांत बौद्धिक वाढीतली तूट तरीही राहते.

यात एक छुपा धोका असा की वनस्पतिज आहारात फोलेट नावाचं दुसरं जीवनसत्त्व मुबलक असतं. त्याच्यामुळे बी-१२ च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जातो. रक्ताची साधी तपासणी बरी येते आणि मज्जातंतूंचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

स्पिरुलिना, समुद्री शेवाळ, न धुतलेल्या भाज्या, आंबवलेले पदार्थ, यांतून बी-१२ मिळतं अशा पोस्ट सतत फिरत असतात. मुलाच्या बाबतीत त्यावर विसंबणं हा शुद्ध जुगार आहे. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी-१२ सारखं दिसणारं पण माणसाच्या शरीरात काम न करणारं संयुग. थेंब, गोळी, किंवा बी-१२ वरून घातलेले पदार्थ, एवढेच खात्रीचे मार्ग. व्हीगन संघटनाही स्वतः हेच सांगतात, हे टीकाकारांना सहसा माहीत नसतं, आणि काही उत्साही व्हीगन मंडळींनाही.

बाकीच्या गोष्टी, थोडक्यात

प्रथिनांची काळजी लोक सर्वात जास्त करतात आणि तिची गरज सर्वात कमी असते. डाळी, सोयाबीन, धान्यं, दाणे दिवसभरात आलटून पालटून पोटात गेले आणि एकूण अन्न पुरेसं असेल, तर प्रथिनं भागतात. ती एकाच जेवणात जुळवली पाहिजेत, ही समजूत मागे पडली आहे.

लोहाचा प्रश्न खरा आहे, पण तो सगळ्याच मुलांचा आहे. सहा महिन्यांनंतर बाळाचा जन्मजात साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह कमी असतं. वनस्पतींतलं लोह मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं. सोबत 'क' जीवनसत्त्वाचं काही दिलं तर वाढतं, चहा-कॉफीने घटतं. दिवसभर गाईचं दूध पिऊन बाकी जेवण टाळणाऱ्या मुलांतही लोहाची कमतरता नेहमी दिसते, म्हणजे दूध पाजलं की जबाबदारी संपली असं नाही.

कॅल्शियमसाठी लोक पालकाच्या भाजीचं नाव घेतात, तेही फसवं. पालकात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. तीळ, कॅल्शियम घातलेलं सोयापेय किंवा टोफू यांचा उपयोग जास्त. आयोडीनचा विचार बहुतेक घरांत होतच नाही. आयोडीनयुक्त मीठ सोडून 'नैसर्गिक' मिठाकडे वळलेलं, दूध आणि मासेही न खाणारं घर इथे अडचणीत येतं. 'ड' जीवनसत्त्व, जस्त आणि मेंदूला लागणारं डीएचए हे स्निग्धाम्ल ही उरलेली नावं. माशांतलं डीएचए मुळात सूक्ष्म शैवालांतून येतं, आणि त्या शैवालाचं तेल आता थेट मिळतं.

'गाईच्या दुधाऐवजी बदामाचं दूध दिलं तर?'

वर्षाखालच्या बाळाला मुख्य पेय म्हणून बदाम, ओट, तांदूळ, नारळ यांपैकी काहीही देऊ नये. गाईचं दूधही नाही. आईचं दूध किंवा बाळांसाठी खास बनवलेली पावडर, बस्स. सोयाची अशी पावडर असते. ती आणि साधं सोयापेय या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवातीला सांगितलेल्या बातम्यांचा तपशील वाचला तर त्यातल्या अनेक मुलांचा घात नेमका इथे झालेला दिसतो. घरी वाटलेलं धान्याचं किंवा दाण्यांचं पाणी महिनोन्महिने पाजलं गेलं. त्या मुलांची उपासमार झाली. मांस नव्हतं म्हणून ती दगावली, असं म्हणणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

वर्षानंतरही फरक लक्षात ठेवावा. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिनं सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, सोयापेयात साधारण तेवढीच, बाजारी बदामपेयात बऱ्याचदा अर्धा-एक ग्रॅम. तांदळाच्या पेयात आर्सेनिक हा विषारी घटक येतो म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असा सरकारी सल्ला आहे. रंग पांढरा असला म्हणजे दूध होत नाही.

अभ्यास काय सांगतात?

फार नाहीत, आणि जे आहेत ते दोन्ही तटांना थोडे अडचणीचे आहेत.

नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकात मॅक्रोबायोटिक आहारावर वाढणाऱ्या मुलांचा पाठपुरावा झाला. हा आहार मुख्यतः धान्यं, भाज्या आणि कडधान्यांचा. पूरक गोळ्या नाहीत, स्निग्ध कमी. मुलांची वाढ खुंटलेली आढळली, मुडदूस आढळला, बी-१२ ची कमतरता आढळली. संशोधकांनी स्निग्ध पदार्थ, मासे आणि दूध वाढवायला सांगितल्यावर ज्यांनी ऐकलं त्यांची मुलं सुधारली. पुढे त्याच गटातल्या काही मुलांना किशोरवयात तपासलं, तेव्हा ज्यांच्यात बी-१२ ची तूट होती ती काही बौद्धिक चाचण्यांत मागे होती, जरी मधल्या काळात ती दूध घेऊ लागली होती.

जर्मनीत २०१९ मध्ये एक ते तीन वर्षांच्या ४३० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हीगन, शाकाहारी आणि मांसाहारी मुलांची सरासरी उंची-वजनं जवळपास सारखीच. मात्र वयाच्या मानाने बुटकी राहिलेली मोजकी मुलं व्हीगन आणि शाकाहारी गटांत होती. पोलंडमधल्या २०२१ च्या अभ्यासात पाच ते दहा वर्षांची १८७ मुलं होती. व्हीगन मुलं सरासरी ३ सेंटिमीटरने कमी उंच, हाडांतलं खनिजही कमी. त्याच वेळी त्यांच्या अंगावर चरबी कमी, आणि वाईट समजलं जाणारं एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी कमी. आता यातला हवा तो अर्धा उचलून कुणीही मथळा करू शकतो, आणि तसंच झालं.

मांसाच्या बाजूने केनियातला प्रयोग नेहमी पुढे केला जातो. १९९८ ते २००० या काळात तिथल्या शाळकरी मुलांच्या एका गटाला रोजच्या खाण्यात मांस, दुसऱ्याला दूध, तिसऱ्याला तेल घालून दिलं. मांस मिळालेल्या गटाने तर्काच्या चाचणीत चांगली प्रगती केली. पोषणतज्ज्ञ लिंडसे ॲलन यांनी २००५ मध्ये याचा हवाला देत, मुलांना कडक व्हीगन ठेवणं अनैतिक आहे, अशा अर्थाचं विधान केलं आणि मोठा गदारोळ झाला. प्रयोग चांगलाच होता. पण ती मुलं गरिबीमुळे मका-घेवड्यावर वाढत होती. तशा मुलाला थोडं मांस मिळालं तर फायदा होणारच. सोयापेय, डाळी, बी-१२ चे थेंब आणि डॉक्टर हाताशी असलेल्या घरातल्या मुलाबद्दल तो प्रयोग काही सांगत नाही.

मग तज्ज्ञांचं एकमत का होत नाही?

कारण मुलांचे दोन गट करून एकाला दहा वर्षं असं आणि दुसऱ्याला तसं खायला घाला, असा प्रयोग कुणी करू शकत नाही. आहे ती माहिती लहान गटांची आणि बहुधा शिकल्या-सवरल्या घरांची. त्यामुळे एकच माहिती वाचून कुणी सावध बोलतं, कुणी मोकळं. अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार सर्व वयांना योग्य म्हटलं होतं. २०२५ च्या नव्या निवेदनाची कक्षा त्यांनी प्रौढांपुरती ठेवली. जर्मनीच्या पोषण संस्थेचा प्रवास उलट दिशेचा. २०१६ मध्ये मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी शिफारस करत नाही म्हणाली, २०२४ मध्ये बाजूने किंवा विरुद्ध स्पष्ट शिफारस करता येत नाही इथपर्यंत आली. बेल्जियमच्या वैद्यक अकादमीने २०१९ मध्ये ठाम नकार दिला. युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१७ चं म्हणणं मला सर्वात व्यवहारी वाटतं. डॉक्टरांच्या किंवा आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करा, आणि सल्ला पाळला नाही तर परिणाम किती गंभीर होतात हे पालकांना नीट सांगा.

माझं मत विचाराल तर व्हीगन आहारावर मूल निरोगी वाढू शकतं, पण त्यात चुकीला जागा कमी. मिश्र आहारातल्या निष्काळजीपणाची किंमत बहुधा हळूहळू चुकवावी लागते. इथे बी-१२ विसरलं तर ती बाळाच्या पहिल्या वर्षातच वसूल होऊ शकते.

'गोळी घ्यावी लागते, म्हणजे आहार अनैसर्गिकच ना?'

ऐकायला बिनतोड वाटतं. पण अंगावर पिणाऱ्या बाळांना 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब देण्याचा सल्ला अनेक देशांत सरसकट दिला जातो, मग आईबाप काहीही खावोत. मिठात आयोडीन आपण कारखान्यात घालतो. कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात बी-१२ सर्रास मिसळलेलं असतं. निसर्गाचा दाखला दोन्ही बाजू सोयीने काढतात. एक म्हणते माणूस मूळचा शिकारी, दुसरी म्हणते आपले दात गाईसारखे. मुलाच्या रक्तातलं बी-१२ यातल्या कुठल्याच वाक्याने वाढत नाही.

'मुलाला विचारलं का कुणी?'

नाही विचारलं. मांसाहारी घरातही नाही विचारलं. मुलं घरात जे शिजतं ते खातात आणि त्यामागचा विचारही त्यासोबत येतो. अमेरिकेत २०२१ मध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना पदार्थ प्राण्यांपासून येतात की झाडांपासून, असं विचारलं, तेव्हा सुमारे ४१ टक्के मुलांनी बेकन, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, झाडापासून येतं म्हणून सांगितलं. ब्रिटनमधल्या २०२२ च्या अभ्यासात नऊ ते अकरा वर्षांची मुलं शेतावरच्या प्राण्यांना मोठ्यांपेक्षा जास्त आस्थेने वागवण्याच्या बाजूची होती. म्हणजे अमुक प्राणी खायचा आणि तमुक पाळायचा, ही विभागणीही शिकवलेलीच.

किशोरवयात चित्र उलटतं. मुलगी एके दिवशी जाहीर करते, आजपासून मी व्हीगन, आणि मांसाहारी घर हादरतं. थट्टा केली की ती जेवण कमी करते, बी-१२ घेत नाही ते नाहीच. बहुतेकींच्या मनात प्राण्यांविषयी खरी कळकळ असते. क्वचित मात्र वजन घटवण्याचा ध्यास या नावामागे लपलेला असतो. पदार्थ वगळण्याची यादी दर महिन्याला वाढत असेल तर तिकडे लक्ष द्यावं.

मग एवढा राग कशाचा?

कुणी माझ्या ताटाला हात लावलेला नसताना त्याच्या ताटाकडे बघून मी का चिडावं? यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. २०१२ मध्ये जुलिया मिन्सन आणि बेनुआ मोनिन यांनी मांस खाणाऱ्यांना शाकाहाऱ्यांविषयी मनात येतील ते शब्द लिहायला सांगितले. जवळपास निम्म्यांनी किमान एक वाईट शब्द लिहिला. आणि 'हे लोक स्वतःला माझ्यापेक्षा वरचढ समजत असणार' असं ज्यांना जितकं जास्त वाटत होतं, तितके त्यांचे शब्द जहाल. समोरच्याने काही म्हटलेलं नसतं. आपणच त्याच्या वतीने स्वतःला दोषी ठरवतो आणि मग त्याच्यावर डाफरतो.

दुसरा धागा असा. बहुतेकांना प्राणी आवडतात आणि बहुतेकांना मांसही आवडतं. या दोहोंतला ताण मिटवायचा एक मार्ग म्हणजे त्या प्राण्याला फारसं कळत नाही असं मानणं. २०१० च्या एका प्रयोगात काहींना सुकवलेलं गोमांस आणि काहींना काजू खायला दिले, मग प्राण्यांविषयी विचारलं. गोमांस खाल्लेल्यांनी गाईच्या नैतिक हक्कांना कमी महत्त्व दिलं.

व्हीगन तटही काही कमी नाही. मांस खाणाऱ्या शेजाऱ्याला खुनी म्हणणं, दूध पाजणाऱ्या आईला विष पाजतेस म्हणणं, आणि आपल्यातल्याच एखाद्या बाईने गरोदरपणात अंडं खाल्लं तर तिला वाळीत टाकणं, हे सगळं चालतं. यातली शेवटची गोष्ट मुलांच्या दृष्टीने घातक, कारण आहार कमी पडतोय असं दिसत असूनही कबूल करायची चोरी होते.

दोन्हीकडच्या या तुच्छतेचा परिणाम मुलापर्यंत पोचतो तो दवाखान्यात. ओरडा बसेल या भीतीने पालक आहाराबद्दल सांगतच नाहीत, किंवा ज्या डॉक्टरांनी एकदा हेटाळणी केली त्यांच्याकडे फिरकत नाहीत. डॉक्टरांना माहिती नसेल तर ते बी-१२ आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगणार नाहीत. बी-१२ चा आकडा सीमेवर असताना मिथाइलमॅलॉनिक आम्ल, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ, बघायचं त्यांना सुचणार नाही. उंची-वजनाचा आलेख घसरतोय याचं कारण ते भलतीकडेच शोधतील. आजी-आजोबांचंही तसंच. 'पोराला उपाशी मारताय' असं ऐकवलं की सून नातवाला आणायचं टाळते. त्याऐवजी 'थेंब कुठले देता, आणि आमच्याकडे राहायला आला की किती द्यायचे?' असं विचारलं, तर मूल सुट्टीला येतं आणि थेंबही चुकत नाहीत.